मदत हवी आहे: पावसाळ्यात पाइप वाळतच नाही

रंकाळवेशीकर:

नमस्कार मंडळी. धागा तंबाखूच्या पाइपबद्दल आहे. विषयाचीच चीड असेल त्यांनी इथूनच मागे फिरावं, वाद घालायची ताकद नाही.

माझ्याकडे ब्रायर लाकडाचे दोन पाइप आहेत. एक सरळ, एक वाकड्या दांडीचा, दोन्हींचे स्टेम, म्हणजे तोंडात धरायच्या नळ्या, व्हल्कनाइटचे (कडक रबराचे). रात्री जेवणानंतर एखादा ओढतो, एक दिवस हा, एक दिवस तो. ओढून झाला की राख झाडायची, क्लीनर (नळी साफ करायची केसाळ तार) फिरवायचा, कोरडा क्लीनर आत घालून स्टँडवर ठेवायचा. दिवाळीपासून मे अखेरपर्यंत या पद्धतीबद्दल काडीची तक्रार नसते.

सगळीकडे वाचायला मिळतं की एकदा ओढलेल्या पाइपला निदान २४ तास विश्रांती द्या. काही जण ४८ म्हणतात. हे नियम ज्यांनी केले त्यांनी कोल्हापूरचा आषाढ पाहिलेला नसणार. इकडे मिठाला पाणी सुटतंय, दोरीवरचे टॉवेल दोन दिवस दमट ते दमटच, तिथं लाकूड कसलं वाळतंय! तीन-तीन दिवस बाजूला ठेवलेला पाइप पेटवला तरी थोड्या वेळात गुरगुरायला लागतो आणि जिभेवर आंबट-कडू पाणी येतं.

काल बाउलमध्ये, म्हणजे तंबाखू भरायच्या वाटीत, टॉर्च मारून बघितलं. भिंतीवरचा कार्बनचा थर कोरडा आहे. पण अगदी तळाला, जिथं धुराचं भोक उघडतं, तिथं काळा चिकट गाळ साचलाय आणि त्याच्या कडेनं बारीक पांढरी लव आलीय. पुसली की जाते, चार दिवसांत परत हजर.

तर विचारायचं ते असं. विश्रांती दिल्यावर आत नेमकं होतं काय, आणि पावसाळ्यात ती किती द्यायची? स्टेम काढून ठेवावा का? वाकड्या पाइपचा स्टेम सध्या इतका गच्च बसलाय की फिरवायला हात धजत नाही. घरातून सल्ले येतायत ते गॅसच्या कडेला ठेव, हेअर ड्रायर मार, असले. आणि बुरशी आलेला पाइप टाकूनच द्यायचा का?

जुना_बुधवार:

लोकं चिलमीला ओली छापी, म्हंजे फडकं, गुंडाळत्यात आन् तू वाळवाय बसलाईस भावा. चालू दे, वाचतोय.

सावकाश_ओढा:

रंकाळवेशीकर, आधी गॅस आणि ड्रायर दोन्ही विसरा. बाकीचं जरा सविस्तर लिहितो.

पाइपमध्ये पाणी येतं तीन वाटांनी. तंबाखूत मुळातली ओल असते, तंबाखू जळताना वाफ तयार होते आणि थोडी आपली लाळ उतरते. गरम धूर बाउलमधून शँकमध्ये (बाउलला जोडलेल्या लाकडी दांडीत) शिरला की थंड होतो आणि वाफेचं पाणी तिथंच धरतं. तुमचा गाळ बरोबर त्याच तोंडाशी आहे. विश्रांती म्हणजे हे पाणी लाकडातून हवेत जायला दिलेला वेळ. आता जुलैत हवाच ८०-९० टक्के आर्द्रतेची असेल तर ती आणखी पाणी घेणार कुठून? त्यामुळे तीन दिवस ठेवा नाहीतर सहा, फरक थोडाच पडणार. पावसाळ्यात दिवस मोजण्यात अर्थ नाही. पाणी आत कमी जाऊ द्यायचं आणि गेलेलं आपण हातानं काढायचं.

कमी जाऊ द्यायचं म्हणजे तंबाखू कोरडा करून भरायचा. चिमूट दाबून सोडा. गोळा तसाच राहिला तर ओला आहे, हळूहळू उलगडला तर ठीक, कुरकुरला तर जास्त वाळलाय. तुम्ही व्हॅनिला-चेरीवाली अरोमॅटिक मिश्रणं ओढत असाल तर त्यांत बहुतेक वेळा प्रॉपिलीन ग्लायकॉल असतं. ते ओल धरून ठेवतं, म्हणून ती मिश्रणं वाळायलाही जास्त वेळ घेतात आणि गुरगुरतातही जास्त. या दिवसांत नुसतं कागदावर पसरून भागत नाही, जरा ऊब लागते. जुना तारेचा बल्ब असलेला टेबललॅम्प असेल तर त्याखाली अर्धा तास ठेवा. एलईडीखाली ठेवून काही उपयोग नाही. आणि ओढताना घाई नको. भराभर ओढलं की पाइप तापतो, वाफही जास्त धरते.

आता हातानं काढायचं ते. गुरगुर ऐकू आली की स्टेम न काढता त्यातूनच क्लीनर बाउलपर्यंत सारा, क्षणभर थांबा, काढा. तो चहाच्या रंगाचा होऊन येईल. ओढून झाल्यावर एक क्लीनर दुमडून त्याचा वाक बाउलच्या तळाशी फिरवा. लोक नळी साफ करतात आणि हा खळगा विसरतात. मग कोरडा क्लीनर आत ठेवा, पण रात्रभर तोच नको. तासाभरात तो पिऊन तट्ट होतो आणि त्यानंतर उलट आतली ओल धरून बसतो. झोपायच्या आधी बदला.

क्लीनर सुती हवा. महाद्वार रोडला स्टेशनरीच्या दुकानांत शाळेच्या हस्तकलेसाठी रंगीत केसाळ तारा मिळतात, त्या दिसायला तशाच असतात, पण पॉलिएस्टरच्या. पाणी शोषत नाहीत.

स्टेमचं. पाइप गरम असताना कधीच काढायचा नाही, त्यात शँक तडकते किंवा जोड कायमचा ढिला होतो. पूर्ण गार झाल्यावर काढून ठेवायला हरकत नाही, पावसाळ्यात तर काढावाच, दोन्हीकडून हवा खेळते. अपवाद पीटरसन कंपनीच्या सिस्टिम पाइपचा. त्याचं पेटंट १८९० सालचं. त्यात शँकखाली पाणी साठायला खड्डाच केलेला असतो आणि स्टेम नुसता खुपसून बसवलेला असतो, तो गरम असतानाही काढून पाणी झटकता येतं.

तुमचा गच्च बसलाय कारण लाकूड फुगलंय. रबर तेवढंच आहे, भोक बारीक झालंय. बाउलला नाही, शँकला धरा आणि एकाच दिशेनं हळूहळू फिरवत काढा. निघाला की टेननवर (शँकमध्ये शिरणाऱ्या स्टेमच्या टोकावर) मऊ पेन्सिल घासा, ६बी असली तर उत्तम. पॉलिश पेपर लावू नका. आज त्यानं घासून बारीक करून बसवलात तर लाकूड आटल्यावर, दिवाळीनंतर, स्टेम हातात गळून येईल.

तब्येत_पाणी:

न विचारता बोलतोय, तरी बोलतो. पाइपचा धूर छातीत ओढत नाहीत म्हणून तो निरुपद्रवी ठरत नाही. तोंडाचा, घशाचा, जिभेचा कर्करोग पाइपवाल्यांनाही होतो. पाइप चार महिने विश्रांतीला ठेवता आला तर लाकडापेक्षा तुमचा फायदा जास्त.

रंकाळवेशीकर:

@तब्येत_पाणी, मान्य आहे, उलट बोलायला जागा नाही. यंदा रोजचं तरी बंद करायचं मनात आहे.

@सावकाश_ओढा, क्लीनर तासाभरात बदलायचा हे कुठंच वाचलं नव्हतं. तंबाखू अरोमॅटिकच आहे, बरोबर ओळखलंत. बुरशीचं काय?

शटर_शाहूपुरी:

पाइप ओढत नाही, पण बुरशीशी दुश्मनी जुनी आहे. लेन्सला लागली की काच कायमची खराब होऊ शकते, त्यामुळे आमच्या धंद्यात जूनच्या आधीच तयारी असते. घट्ट झाकणाचा, रबराची कड असलेला प्लॅस्टिकचा डबा घ्या. त्यात सिलिका जेलचे मणी कापडी पिशवीत घाला आणि आर्द्रता दाखवणारं छोटं डिजिटल मीटर ठेवा. आकडा ४० ते ५० टक्क्यांमध्ये राहील इतपत मणी कमी-जास्त करायचे. मीटरशिवाय हे करू नका, नाहीतर डब्यात काय चाललंय ते कळत नाही. पाइप आणि काढलेला स्टेम शेजारी शेजारी ठेवा.

मणी ओलाव्यानं रंग बदलतात, केशरी असतील तर हिरवे होतात. मग कढईत मंद आचेवर परतले की पुन्हा तयार. स्वयंपाकाची कढई नको, वेगळी ठेवा.

निपाणीकर:

डब्याची आयडिया बेस, पण तंबाखू त्या डब्यात ठेवू नका, नुसती पूड हातात येईल. आमच्याकडं वाळलेलं पान उचलायचं तर दवानं नरम व्हायची वाट बघत्यात, कोरड्याला हात लावला की चुरा. तंबाखू हवेतली ओल लगेच ओढतो, लगेच सोडतो. काचेची बरणी, घट्ट झाकण, आणि रोज लागेल तेवढाच बाहेर.

आणखी एक. इकडचा विडीचा तंबाखू पाइपात घालून बघू का, असं दर पावसाळ्यात कुणीतरी विचारतंयच. नका घालू. लई कडक जातो, डोकं गरगरतंय.

रंकाळवेशीकर:

@शटर_शाहूपुरी, एक शंका. इतक्या कोरड्या डब्यात ब्रायर तडकणार नाही?

सावकाश_ओढा:

मीच सांगतो. ब्रायर म्हणजे भूमध्य समुद्राच्या काठच्या एका झुडपाच्या मुळाशी येणारी गाठ. पाइप कोरायच्या आधी ती कित्येक तास पाण्यात उकळतात आणि नंतर महिनोन्‌महिने सावलीत सुकवतात. डब्यातली ४५ टक्क्यांची हवा तिला काही करत नाही. तडा जातो तो एका बाजूनं एकदम उष्णता लागली तर. भिजलेली कोल्हापुरी चप्पल आपण कधी चुलीपुढं ठेवत नाही, सावलीत वाऱ्यावर टाकतो. इथंही तेच. ऊन पडलं तरी खिडकीत ठेवू नका, उन्हानं व्हल्कनाइट हिरवट-तपकिरी पडतं आणि तोंडात गंधकासारखी चव येते.

बुरशीसाठी पाइप टाकायची गरज नाही. स्टेम काढा, शँकचं तोंड दुमडलेल्या क्लीनरनं बंद करा, बाउलमध्ये कापूस भरा आणि ड्रॉपरनं स्पिरिट सोडा, कापूस ओला होईल एवढंच. रात्रभर ठेवा. सकाळी कापूस तपकिरी झालेला दिसेल. गरज वाटली तर पुन्हा एकदा. काही जण कापसाऐवजी मीठ घालतात, पण ते शँकमध्ये शिरलं तर लाकूड चिरू शकतं, मी त्या भानगडीत पडत नाही.

स्पिरिट कुठलं ते महत्त्वाचं. हार्डवेअरच्या दुकानातलं पॉलिशचं स्पिरिट अजिबात नको, त्यात मिथेनॉल असू शकतं. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळतं, ते घ्या, किंवा सरळ साधी व्होडका. बाहेरून थेंब पडू देऊ नका, चकाकी जाते. नंतर वास पूर्ण जाईपर्यंत उघड्यावर राहू दे आणि तोवर काडी लावू नका, पेट घेईल.

कार्बनच्या थराला आत्ता हात लावू नका. तो साधारण एक मिलिमीटरच्या वर गेला तरच खरवडायचा. फार जाड झाला तर तापल्यावर तो फुगून बाउललाच चीर पाडतो.

तांबडा_पांढरा:

एवढा खटाटोप कशाला म्हणतो मी. पावसाळ्यापुरता मक्याच्या बुरकुंडाचा पाइप घ्या. अमेरिकेत मिझुरी राज्यात वॉशिंग्टन नावाचं गाव आहे, तिथली मिझुरी मीरशॉम कंपनी १८६९ पासून हेच करतेय. बुरकुंड सच्छिद्र, ओल लगेच पितं, लवकर वाळतं, आणि बुरशी आली तर फेकताना जीव तुटत नाही. ब्रायर डब्यात घालून दसऱ्याला काढा. मी तेच करतो.

रंकाळवेशीकर:

अपडेट देतो. स्टेम निघाला! जोर न लावता, थोडा थोडा फिरवत. पेन्सिल घासून बसवला, आता लोण्यासारखा फिरतोय. दोन्ही पाइपना कापूस आणि आयसोप्रोपिल झालं. वाकड्याचा कापूस दुसऱ्यांदाही काळाच निघाला, त्याला आणखी एकदा द्यावं लागणार. डबा घेतला, मीटरचा आकडा ४६ वर आहे. तंबाखू दिव्याखाली वाळवून सरळ पाइप ओढून बघितला. गुरगुर पूर्ण गेली नाही, पण शेवटी शेवटी आली, पहिल्यासारखी सुरुवातीलाच नाही.

बुरकुंडाचा मागवावा म्हणतो. @तांबडा_पांढरा, त्याला फिल्टरवाला घ्यावा की साधा?

तांबडा_पांढरा:

फिल्टरवालाच घ्या, फिल्टर नको झाला तर काढून टाकता येतो. फक्त पावसाळ्यात फिल्टर दर वेळी नवा घाला, ओला तसाच आत ठेवला तर परत हाच धागा काढावा लागंल.

जुना_बुधवार:

आन् त्या सिलिकाच्या मण्यांना डब्यावर चिठ्ठी लावून ठेव रं. आमच्या घरात साबुदाणा समजून भिजत घातल्यालं.