दोन फुटी खाऱ्या टँकमध्ये डोमिनोला सोबती द्यावा का?

खारटपाणी:
टँक दोन फुटी, जेमतेम ७० लिटरचा. दीड वर्षापूर्वी सायकल करायला, म्हणजे नव्या टँकमध्ये घाण पचवणारे जिवाणू वाढवायला, म्हणून दुकानदाराने डोमिनो डॅमसेल मासा गळ्यात मारला. काळा कुळकुळीत, कपाळावर एक आणि दोन्ही कुशींवर एकेक पांढरा ठिपका. तेव्हा नखाएवढा होता, आता अख्खा टँक त्याचा. गेल्या महिन्यात आणलेल्या फायरफिशला त्याने दोन दिवस कोपऱ्यातून हलू दिलं नाही. तिसऱ्या दिवशी फायरफिश फरशीवर मेलेला सापडला. झाकण अर्धं उघडं राहिलं ही माझी चूक, पण उडी त्याने भीतीनेच मारली. मला वाटतं, तोडीस तोड सोबती आला की डोमिनो निवळेल. मरून क्लाऊन मासा आणावा म्हणतो.

प्रवाळप्रेमी:
कृपया आणू नका. मरून क्लाऊनची मादी १७ सेंटिमीटरपर्यंत वाढते, डोमिनो १४ पर्यंत. समुद्रात हरलेला मासा दूर निघून जातो, तुमच्या टँकमध्ये त्याला काच आडवी येते. बऱ्याचदा अंगावर जखम दिसण्याआधीच तो खाणं सोडतो. डोमिनो मोठा टँक असलेल्या कुणाला तरी द्या.

काचेपलीकडे:
असं सरसकट 'काढा' म्हणणं मला पटत नाही. पिल्लं असताना हेच मासे समुद्रफुलांच्या आसऱ्याला घोळक्याने राहतात, त्याला जन्मभर एकटा का ठेवायचा? भांडण जागेवरून आहे, तर जागाच मोडा. सगळे दगड बाहेर काढून नव्याने रचा. नवा मासा आठवडाभर आरपार दिसणाऱ्या, भोकं पाडलेल्या डब्यात टँकमध्येच ठेवा आणि मग सोडा. मासाही वेगळ्या चालीचा निवडा. वॉचमन गोबी पिस्तूल झिंग्याबरोबर वाळूतल्या बिळात राहतो, डोमिनो मधल्या पाण्यात. दोघांचा रंग, अंगकाठी, पोहायची उंची, काहीच जुळत नाही. माझ्याकडे यलोटेल डॅमसेलसोबत असा गोबी चार वर्षं सुखाने आहे.

प्रवाळप्रेमी:
यलोटेल त्या मानाने सौम्य आणि लहान, त्याचा हिशेब डोमिनोला लागू नाही. दगड हलवले की हाही चार दिवस बावचळेल, मग पुन्हा हद्द आखेल. आणि घोळक्यातल्या दुबळ्या पिल्लाला शिरायला प्रवाळाच्या शेकडो फटी असतात. मलावी सरोवरातल्या सिक्लिड या भांडखोर माशांसारखी गर्दी करून राग वाटून टाकायचा म्हणाल, तर ७० लिटर खारं पाणी तेवढी घाण पेलणार नाही.

काचेपलीकडे:
गर्दी करा असं मी म्हटलेलंच नाही. एकच गोबी, तोही डब्यातून. आठ दिवसांनंतरही डोमिनो डब्यावर धडका देत असेल, तर मीही म्हणेन की त्याला द्या.

खारटपाणी:
मरून क्लाऊन रद्द. दगड तसेही उपसायचे आहेतच, कारण त्याशिवाय डोमिनो हातीच लागत नाही. आधी पूर्ण झाकण करून घेतो, मग गोबी डब्यात. चार फुटी टँकवाल्या एका मित्राला डोमिनोबद्दल आजच विचारून ठेवलंय.

प्रवाळप्रेमी:
मित्र हो म्हणाला तर गोबीची वाट बघू नका.