मदत हवी आहे: लीग अर्ध्यावर आली आणि एक टीम सोडून चालली आहे

रविवारची_शिट्टी

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात, शहराच्या कडेला आमचं उपनगर आहे. तिथं शाळेच्या मैदानावर आम्ही काही जण रविवारी सकाळी फुटबॉलची छोटी लीग चालवतो. हे पेठांचं फुटबॉल नाही. तालमींच्या टीम, शाहू स्टेडियम, भरलेली गॅलरी, ते सगळं आम्हीही लहानपणापासून बघत आलोय आणि त्याच्यावर जीव आहे. पण तिथं खेळायची सगळ्यांची कुवत नसते, आणि तिशी ओलांडली की कोण विचारतही नाही. २०१७ साली सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात आपला अनिकेत जाधव भारताकडून खेळला, तेव्हा कॉलनीतली पोरं रोज संध्याकाळी बॉल घेऊन उतरायला लागली. त्यांना शिकवता शिकवता बाप लोकही खेळायला लागले आणि त्यातून ही लीग झाली.

सहा टीम. सात-सात जणांची मॅच, वीस-वीस मिनिटांचे दोन हाफ. टीमना नावं नाहीत, कपड्यांवर चढवायच्या बिब्सचा रंग हेच नाव. प्रत्येकाशी दोनदा खेळायचं, म्हणजे दहा रविवार आणि तीस मॅच. त्यातले पाच रविवार झाले, पहिली फेरी संपली. गुण असे: निळे १५, लाल १०, पिवळे ८, हिरवे ७, पांढरे ३ आणि केशरी ०.

अडचण केशरीची आहे. पाचही मॅच हरले. पांढऱ्यांशी १-३, हिरव्यांशी २-४, पिवळ्यांशी ०-५, लालशी १-६ आणि गेल्या रविवारी निळ्यांशी ०-९. चार गोल केले, सत्तावीस खाल्ले. ही टीम एमआयडीसीतल्या फाउंड्रीत काम करणाऱ्या मुलांची आहे. नोंदणी दहा जणांची, पण मैदानात कधी सात, कधी कसेबसे सहा. ०-९ च्या मॅचला सातच होते आणि त्यातल्या एकाच्या पोटरीत गोळा आला. शेवटची दहा मिनिटं सहा जण खेळले.

मॅच संपल्यावर मी फक्कीची पाटी उचलत होतो. त्यांचा कीपर आला. ग्लोव्हज दुसऱ्या टीमकडून मागून घेतलेले, ते त्यानं आधी परत दिले. मग सगळ्यांच्या बिब्स गोळा केल्या, मोजल्या, एकेक झटकून घडी घातली आणि माझ्या हातात दिल्या. मोल्डिंगला असतो तो, नखांतली काळी वाळू धुऊन जात नाही. म्हणाला, "दादा, पुढल्या फेरीत आमचं धरू नका. दुसऱ्यांची मजा जाते आमच्यामुळं." रागानं म्हणाला असता तर मी समजूत काढली असती. पण अगदी शांतपणे म्हणाला, आणि मला काही बोलताच आलं नाही.

तर माझे प्रश्न. एक, टीम मध्येच गेली तर झालेल्या मॅचचं काय करतात? दोन, आणि खरा प्रश्न हाच, ती जाऊ नये म्हणून काय करता येईल? दया म्हणून थांबवून घ्यायचं नाहीये. त्यांना रविवारी उठून यावंसं वाटलं पाहिजे.

पेठेतला

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. बहुतेक स्पर्धांच्या नियमांत दोनपैकी एक असतं. टीमनं ठरलेल्या मॅचपैकी थोड्याच खेळल्या असतील तर तिचे सगळे निकाल रद्द. बऱ्याच खेळून झाल्या असतील तर झालेले निकाल ठेवायचे आणि उरलेल्या मॅच समोरच्याला ३-० नं द्यायच्या. इंग्लंडमध्ये २०१० साली चेस्टर सिटी या क्लबला हंगामाच्या मध्येच लीगमधून काढलं, तेव्हा त्यांचे सगळे निकाल पुसून टाकले होते.

पण भावा, तुझं टेबल नीट बघ. केशरीला पाचही जणांनी हरवलंय. निकाल पुसले तर पाचही जणांचे तीन-तीन गुण जाणार. उरलेल्या मॅच ३-० नं दिल्या तर पाचही जणांना तीन-तीन मिळणार. दोन्हीकडं अंतर तेवढंच राहतं. फक्त पुसलंस तर पांढरे ३ वरून ० वर येतात. म्हणजे आज केशरी जे म्हणतायत, तेच पुढच्या महिन्यात पांढरे म्हणतील.

रविवारची_शिट्टी

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. पांढऱ्यांत चार जण पन्नाशीचे आहेत, त्यांचा एकमेव विजय केशरीवरचा. त्या दिवशी त्यांनी सगळ्या मैदानाला चहा पाजला होता. तो विजय पुसायचा नाही, एवढं तरी आत्ताच ठरलं.

सॅनहोजेकर

मी इथं कॅलिफोर्नियात मुलांच्या लीगमध्ये स्वयंसेवक कोच आहे. आमची संघटना एवायएसओ, १९६४ साली इथल्याच टॉरन्स गावात सुरू झाली. तिची दोन तत्त्वं तुम्हाला उपयोगी पडतील असं वाटतं. एक, प्रत्येक मुलानं किमान अर्धी मॅच खेळलीच पाहिजे. दोन, टीम समतोल असल्या पाहिजेत. दरवर्षी कोच मुलांना त्यांच्या खेळाप्रमाणे गुण देतात आणि त्यावरून टीम नव्यानं पाडतात. मित्र एकत्र राहावेत म्हणून पालक रडकुंडीला येतात, तरी पाडतात.

मुलांच्या बऱ्याच लीगमध्ये असंही करतात की चार-पाच गोलांचा फरक पडला की हरणाऱ्या टीमनं एक खेळाडू जास्त उतरवायचा. मोठ्यांतही चालेल.

रविवारची_शिट्टी

टीम नव्यानं पाडायचं मी पहिल्याच वर्षी सुचवलं होतं, कोणी ऐकलं नाही. कॉलनीची कॉलनीशी खुन्नस हीच आमच्याकडची गोडी आहे, आणि खरं सांगायचं तर मलाही ती आवडते. आठवा खेळाडू उतरवायची कल्पना छान आहे, पण केशरीकडं सातवाच नसतो.

मावळा_मिडफिल्ड

मी पुण्यात अशीच लीग चालवतो. एक उपाय: पुढच्या फेरीत वरच्या तीन आणि खालच्या तीन अशी फाळणी करा. स्कॉटलंडमध्ये बारा टीमच्या प्रीमियर लीगमध्ये हे २०००-०१ पासून चालतं. ३३ मॅच झाल्या की वरच्या सहा आपसात, खालच्या सहा आपसात. गुण तसेच पुढे येतात. तुमच्याकडं केशरी, पांढरे आणि हिरवे आपसात खेळतील. ०-९ चा विषयच संपला.

दुसरं म्हणजे कोणाला शून्य गुणांची लाज वाटत असेल तर कोलकात्याचा क्लब मोहन बागान आठवा. डिसेंबर २०१२ मध्ये ईस्ट बंगालविरुद्ध ते दुसऱ्या हाफला उतरलेच नाहीत. आधी त्यांच्यावर बंदी घातली, मग ती उठवून दोन कोटी दंड केला आणि सगळे गुण काढून घेतले. हंगाम निम्मा गेल्यावर शून्यापासून सुरू करून ते त्याच वर्षी आय-लीगमध्ये, म्हणजे तेव्हाच्या देशातल्या सर्वोच्च लीगमध्ये, टिकले. शून्य म्हणजे शेवट नव्हे, एवढं त्या कीपरला सांगा.

रविवारची_शिट्टी

फाळणीवर आम्ही काल रात्री बोललो. तीन-तीनच्या गटात दर रविवारी प्रत्येक गटातली एक टीम बसून राहते. आमच्याकडं माणसं आठवडाभर त्या चाळीस मिनिटांची वाट बघतात, त्यांना रविवारी बसवून ठेवणं बरोबर वाटत नाही. शिवाय पांढऱ्यांनाही निळ्यांशी पुन्हा खेळायचंच आहे, त्यांनी स्वतः सांगितलं. पण मोहन बागानचं मी सांगणार.

नाईट_शिफ्ट

मी स्वतः सव्वीस वर्षं कारखान्यात काढली. एकच विचारतो. केशरीची मॅच कितीला असते? आणि तुमच्या स्कोअरच्या वहीत गोल कितव्या मिनिटाला झाला ते लिहिता का?

रविवारची_शिट्टी

काका, मॅच सव्वासातला, दिवसाची पहिली. ती त्यांनीच मागून घेतली होती. त्यांना रविवारी सुट्टी नसते. बरेच जण शनिवारी तिसऱ्या पाळीला असतात, सातला सुटले की थेट मैदानात येतात. म्हणाले, लवकर खेळून घेऊ म्हणजे जाऊन झोपता येईल. मी आनंदानं दिली.

गोलची मिनिटं लिहितो. वही घरी आहे, बघून सांगतो.

रविवारची_शिट्टी

वही बघितली. पाच मॅचमधले सत्तावीस गोल वेगळे करून मांडले. पहिल्या हाफात आठ, दुसऱ्या हाफात एकोणीस.

निळ्यांशी हाफ टाइमला ०-२ होतं. पुढच्या वीस मिनिटांत सात गोल. हिरव्यांशी तर हाफ टाइमला केशरी २-१ नं पुढं होते. मला ते आठवतही नव्हतं. शिट्टी माझीच, वही माझीच, आणि मी पाच रविवार फक्त शेवटचा आकडा बघत आलो. त्यांना खेळता येत नाही असंच मी धरून चाललो होतो, त्यांनीही तसंच धरलं. रात्रभर भट्टीसमोर उभं राहिलेला माणूस वीस मिनिटं बरोबरीनं खेळतोय आणि आम्ही त्याला कच्चा म्हणतोय. फार वाईट वाटलं.

नाईट_शिफ्ट

वाईट वाटून घेऊ नका, वेळ बदला. तिसरी पाळी करून आलेल्या माणसाला सकाळी सातला तरतरी असते, पण ती उसनी असते. चहावर अर्धा तास चालते आणि मग पाय एकदम जड होतात. पोटरीत गोळा येतो तो त्यामुळंच. भट्टीपुढं घाम गेलेला असतो, पोटात पाणी नसतं, मीठ नसतं. त्यांना नऊला झोपू द्या, तीनला उठू द्या, आणि मॅच साडेचारला ठेवा. सकाळीच खेळायची वेळ आली तर आधी लिंबू-मीठ-साखरेचं पाणी द्या. पाणी ते मागणार नाहीत, तुम्हीच हातात द्या.

सॅनहोजेकर

काकांनी मुळावरच बोट ठेवलं. आणि बदली खेळाडूंचंही बघा. उसने खेळाडू चालतात का तुमच्याकडं? निळ्यांच्या बाकावर कोणी बसून असेलच.

पेठेतला

उसने घ्या, पण लिहून घ्या. उद्या केशरी जिंकायला लागले की कोणीतरी म्हणणार, हा पोरगा तर निळ्यांचा. नियम असा करा की उसना खेळाडू स्वतःच्या टीमविरुद्ध उतरणार नाही, आणि मॅचला दोनापेक्षा जास्त नाहीत. सगळ्या टीमच्या कॅप्टनच्या सह्या आधी घ्या. अर्ध्यावर नियम बदलताना एकाची जरी सही राहिली तरी तोच भांडण काढतो, हे मी पेठेत बघितलंय.

रविवारची_शिट्टी

आजची खबर. काल सहाही कॅप्टनना शाळेच्या पायऱ्यांवर बोलावलं आणि वही सगळ्यांपुढं ठेवली. निळ्यांचा कॅप्टन बराच वेळ ते पान बघत होता. मग त्यानं आपणहून सांगितलं, आमच्या बाकावर दोन पोरं आहेत, पाच रविवारात मिळून पंधरा मिनिटंही खेळलेली नाहीत, ती केशरीला द्या. उसन्या खेळाडूचा नियम पेठेतल्या भावानं सांगितला तसाच लिहिला, सहाही सह्या झाल्या. झालेले सगळे निकाल जसेच्या तसे राहणार.

मग केशरीच्या कीपरला मी कारखान्याच्या गेटबाहेर चहाच्या गाडीवर गाठलं. वहीचं पान मोबाईलवर दाखवलं. त्यानं आठ आणि एकोणीस हे आकडे बोटानं मोठे करून दोनदा वाचले. हिरव्यांच्या मॅचचा २-१ बघून म्हणाला, "त्यातला दुसरा माझ्या किकवर झाला होता दादा, मी लांब मारली आणि पोरानं डोक्यानं घातली." मोहन बागानचं सांगायची वेळच आली नाही. पोरांशी बोलून सांगतो म्हणाला. रात्री अकराच्या आधी मेसेज आला: नऊ जण येतो, साडेचार चालेल.

आता एकच अडलंय. सकाळच्या मॅचना आमच्याकडं माझ्याशिवाय दोन रेफ्री आहेत, पण संध्याकाळी दोघांनाही जमत नाही. मी शिट्टी वाजवू शकत नाही, कारण मीच त्यांना थांबवून घेतलंय, आणि माझा एखादा निर्णय त्यांच्या बाजूनं गेला तर लाल टीम लगेच बोलेल. उजेड पावणेसातपर्यंत असतो, त्यामुळं वेळेची घाई नाही. येत्या रविवारी केशरी विरुद्ध लाल आहे. फुलेवाडी, कळंबा, राजारामपुरी, कुठूनही कोणी यायला तयार असेल तर निरोप टाका. मानधन थोडं आहे, पण देतो. फक्की मी मारून ठेवीन, सव्वाचारला या.

नाईट_शिफ्ट

मी उचगावला राहतो. रेफ्रीची परीक्षा वगैरे दिलेली नाही, पण कामगार स्पर्धांत बारा वर्षं शिट्टी वाजवली आहे. गुडघा जरा धरतो, सात जणांच्या मैदानाला पुरेल. मानधन नको. लिंबं घेऊन येतो.