शब्दचर्चा : ‘रॉयल रेड क्रॉस’ला पदक म्हणावं का?

प्रश्न : युद्धातल्या जखमींची शुश्रूषा करणाऱ्या परिचारिकांना ब्रिटनमध्ये ‘रॉयल रेड क्रॉस’ देतात. मराठीत ‘रेडक्रॉस पदक’ लिहिलं तर चालेल का? आणि त्याच्या फितीचा ‘बो’ असतो, त्याला काय म्हणावं?

– ‘रेडक्रॉस पदक’ नकोच. वाचणाऱ्याला ते रेडक्रॉस संस्थेनं दिलंय असं वाटतं. हा राजसत्तेचा सन्मान; व्हिक्टोरिया राणीनं एप्रिल १८८३ मध्ये सुरू केलेला. संस्थेचं ते ‘फ्लॉरेन्स नाइटिंगेल पदक’, १९१२ साली ठरलं आणि १९२० साली प्रथम दिलं गेलं. गोंधळात भर म्हणजे आपल्या केंद्र सरकारचा ‘राष्ट्रीय फ्लॉरेन्स नाइटिंगेल पुरस्कार’ (१९७३ पासून) वेगळाच. त्यातून खुद्द नाइटिंगेलबाई रॉयल रेड क्रॉसच्या पहिल्या मानकरी! बातम्यांत तिन्हींची खिचडी होते ती उगाच नाही.

– ‘पदक’ शब्द मराठीत फार ऐसपैस वापरतात. मोहिमेत हजर असलेल्या सगळ्यांना मिळतं ते ‘मोहीम-पदक’. निवडून एखाद्याला देतात ते ‘सन्मानचिन्ह’. गांधीजींनी १ ऑगस्ट १९२० च्या पत्रासोबत तीन पदकं व्हाइसरॉयला परत केली असं आपण सरसकट म्हणतो. त्यातली दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर आणि झुलू युद्धांची दोन मोहीम-पदकं होती, कैसर-ए-हिंद मात्र सन्मानचिन्ह. रॉयल रेड क्रॉस या दुसऱ्या जातीचा.

– वर्णन करताना नुसतं ‘लाल क्रूस’ लिहून भागत नाही. प्रथम वर्गाच्या क्रूसावर लाल मिनाकाम, कडा सोनेरी. सुरुवातीचे सोन्याचे, १८८९ पासून चांदीवर सोन्याचा मुलामा. त्यामुळे सरसकट ‘सुवर्णपदक’ लिहिलं की चूक. भुजांवर श्रद्धा, आशा, दया या अर्थाचे तीन इंग्रजी शब्द आणि १८८३. दुसरा वर्ग १९१५ चा, चांदीचा. त्याचे हे शब्द मागच्या बाजूला असतात. दर्शनी बाजू पाहून ‘अक्षरं झिजली’ अशी नोंद करू नका.

फीत गडद निळी, काठ किरमिजी. ‘बो’ला आपला वेणीतला शब्द आहेच की : फितीचं फूल. पण ते स्त्रियांपुरतं. १९७६ पासून पुरुषांनाही हा सन्मान मिळू लागला, त्यांची फीत सरळ.

– प्रश्नात ‘शुश्रूषा’ बरोबर लिहिलंय, पहिला उकार ऱ्हस्व, दुसरा दीर्घ. ‘सुश्रुषा’ हे सुश्रुताच्या ओढीनं होत असावं. मूळ धातू ‘श्रु’. ऐकायची इच्छा, त्यावरून सांगितलेलं ऐकणं, मग सेवा.

– गांधीजींचा उल्लेख आलाच आहे तर, बोअर युद्धातल्या त्यांच्या ॲम्ब्युलन्स कोअरला ‘रुग्णवाहिका दल’ म्हणू नये. आज रुग्णवाहिका म्हणजे गाडी. १८९९ सालचे, दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ (Natal) वसाहतीतले ते अकराशेच्या आसपास लोक जखमींना डोलीत घालून खांद्यावरून नेत, कधी दिवसाला वीस-पंचवीस मैल. ‘डोलीवाहक पथक’ लिहा.