मदत हवी आहे: डिसेंबर १९४१, मुंबई बंदरात आलेली 'वेस्ट पॉइंट'

'अमेरिका' हे आलिशान प्रवासी जहाज १९४१ मध्ये अमेरिकी नौदलाने घेऊन 'वेस्ट पॉइंट' नावाने सैन्यवाहू केलं. केबिनमधलं फर्निचर काढून एकावर एक झोपायचे बंक ठोकले. त्याच वर्षी कॅनडातल्या हॅलिफॅक्स बंदरातून, केपटाऊनमार्गे, ब्रिटिश १८व्या डिव्हिजनचे सैनिक घेऊन ते डिसेंबरअखेर मुंबईत पोचलं. त्यातले बरेच जण काही आठवडे अहमदनगरला होते. पुढे सिंगापूर, आणि १५ फेब्रुवारी १९४२ ला ते पडल्यावर जपान्यांची कैद! त्या पोरांबद्दल वाचून जीव तुटतो.

नगरकरांनो, त्यांच्या मुक्कामाचे फोटो, छावणीच्या नोंदी कुठे बघायला मिळतील? मुंबई बंदराची त्या वेळची कागदपत्रं कुणी चाळली आहेत का? घरात ऐकलेली आठवणही चालेल, कृपया सांगा.