अनुभव धागा: नवीन गाडीचा भाव कसा ठरवलात?

नवीन गाडी घेताना घासाघीस करायची असते हे सगळे सांगतात, पण ती नेमकी कशावर करायची हे पहिल्यांदा गाडी घेणाऱ्याला कोणी सांगत नाही. एक्स-शोरूम किंमत (रोड टॅक्स, इन्शुरन्स धरण्याआधीची) कंपनीची, रोड टॅक्स सरकारचा. मग पैसे सुटतात कुठे? ज्यांनी अलीकडे गाडी घेतली आहे त्यांनी इथे जरूर लिहा. शोरूमचं नाव नको. शहर आणि कोटेशनमधली कोणती ओळ खाली आली एवढं कळलं तरी पुढच्याचे पैसे वाचतील. सुरुवात मी करते.

चिंचवड

आमची पेट्रोल गाडी, एक्स-शोरूम 9 लाख 80 हजार. आपल्याकडे पेट्रोलला 10 लाखांपर्यंत 11 टक्के टॅक्स, म्हणजे 1,07,800. त्याच्या वरचं मॉडेल 10 लाख 40 हजारांना होतं आणि "ताई, फक्त साठ हजारांचा फरक आहे" असा आग्रह चालला होता. पण 10 लाख ओलांडले की टॅक्स 12 टक्के होतो, म्हणजे 1,24,800. शिवाय 1 टक्का टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने आपल्याकडून आधीच गोळा केलेला आयकर. टीसीएस रिटर्न भरताना वळता होतो, रोड टॅक्स होत नाही. साठ हजारांचा फरक प्रत्यक्षात सत्याहत्तर हजारांचा होता. हा हिशोब तिथेच मोबाइलवर करून दाखवल्यावर आग्रह थांबला.

खरे पैसे सुटले ते इन्शुरन्सवर. कोटेशनमध्ये 61,400 लिहिले होते. नवीन गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी (आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याचा) इन्शुरन्स सक्तीचा आहे आणि त्याचा दर ठरलेला असतो, कुठूनही घ्या. फरक पडतो तो स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या भागात आणि ॲड-ऑनमध्ये. म्हणून तुलना करताना आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत, तोच ठेवायचा (आमचा 9,31,000, एक्स-शोरूमच्या 95 टक्के) आणि झिरो डेप (क्लेममध्ये घसारा न कापणारं कव्हर) वगैरे ॲड-ऑनही तेच ठेवायचे. असं करून बाहेरचा आकडा आला 42 हजारांच्या आसपास. शिवाय जुन्या गाडीवरचा 50 टक्के नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट) शोरूमने धरलाच नव्हता. तो बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. जुनी विकली की इन्शुरन्स कंपनीकडून पत्र घ्यायचं आणि नवीनला लावायचा.

"बाहेरून घेतलात तर आमच्या वर्कशॉपला कॅशलेस होणार नाही" असं सांगण्यात आलं. मी त्यांच्यासमोरच इन्शुरन्स कंपनीला फोन लावला. ते वर्कशॉप त्यांच्या यादीत होतं. दुसऱ्या दिवशी शोरूमचाच इन्शुरन्स 44 हजारांवर आला आणि मी तिथूनच घेतला. क्लेमच्या वेळी एकाच ठिकाणी बोलायला बरं पडतं, त्यासाठी दोन हजार जास्त गेले तर चालतील.

नाशिक

हँडलिंग चार्जेस नावाची ओळ होती, साडेआठ हजारांची. "हे कशाचे, आणि याची वेगळी पावती मिळेल का?" एवढंच शांतपणे विचारलं. ओळ गेली. वाद घालावा लागला नाही.

ठाणे (काही वर्षं शोरूममध्ये सेल्सला होतो)

समोरच्या बाजूने काय चालतं ते सांगतो, कारण ते माहीत असलं तर दोघांचाही वेळ वाचतो.

सेल्सच्या मुलाचा पगार थोडा, बाकी इन्सेंटिव्ह. इन्सेंटिव्ह फक्त गाडीवर नसतो. इन्शुरन्स, लोन, एक्सटेंडेड वॉरंटी आणि ॲक्सेसरीज यांची प्रत्येकाची टार्गेटं असतात. म्हणून तुम्ही गाडीवर दहा हजार सोडवलेत की तो ते इन्शुरन्सवर भरून काढायला बघतो. त्यात त्याची लबाडी नाही, महिनाअखेरीला त्यालाच आकडे दाखवायचे असतात. तुम्ही मात्र एकच आकडा धरून बसा: सगळं मिळून ऑन रोड किती? आणि त्याच्याखाली प्रत्येक ओळ वेगळी लिहून मागा. एकूण आकडा आणि ओळी दोन्ही हातात असल्या की पैसे या खिशातून त्या खिशात जात नाहीत.

"मॅनेजरला विचारून येतो" हे बहुतेक वेळा खरं असतं. एका मर्यादेपुढे त्याला सूट देताच येत नाही. तेव्हा त्याच्याशी तासभर हुज्जत घालण्यापेक्षा "तुमच्या साहेबांशी दोन मिनिटं बसू या का?" म्हणा, आणि मुलाला सोबत ठेवा. त्याला डावलून वर गेलात तर डिलिव्हरीच्या दिवशी तुमच्यासाठी धावपळ करणारं कोणी उरत नाही.

"वीस हजारांच्या ॲक्सेसरीज फ्री" ही ऑफर नाकारून रोख सूट मागा. वीस हजार ही छापील किंमत, डीलरला त्या बऱ्याच कमीत पडतात. वीसऐवजी दहा रोख मिळाले तरी घ्या; मॅट, सीट कव्हर बाहेर आपल्या पसंतीचे मिळतात.

लोनचंही तसंच. आपल्या बँकेचं मंजुरीपत्र खिशात असलं की शोरूमचा फायनान्सवाला व्याजदरावर बोलायला तयार होतो. हप्ता किती बसेल यावर बोलू नका, मुदत वाढवून हप्ता कितीही खाली आणता येतो.

आणि मुहूर्त. दसरा-पाडव्याला डिलिव्हरी हवी असेल तर जरूर घ्या, घरच्यांचा आनंद असतो. पण त्या आठवड्यात भाव करायला जाऊ नका. पितृपंधरवड्यात शोरूम रिकामी असते. तेव्हा भाव लेखी ठरवून बुकिंग करा आणि बिल, डिलिव्हरी घटस्थापनेनंतर घ्या. आमच्याकडे जाणती गिऱ्हाइकं हेच करायची.

कोल्हापूर

वरच्या दादांच्या "लेखी" या शब्दाला माझा अनुभव जोडते. आम्ही 2025 च्या गणपतीत बुकिंग केलं, 12 हजारांची रोख सूट ठरली. 3 सप्टेंबरला जीएसटी कमी होणार असं जाहीर झालं: छोट्या पेट्रोल गाड्यांवर 28 अधिक 1 टक्का सेस होता, तो 22 सप्टेंबरपासून 18 होणार. आमच्या 8 लाखांच्या गाडीत सुमारे 68 हजारांचा फरक. त्या वर्षी पितृपक्ष 21 ला संपला आणि 22 लाच घटस्थापना, त्यामुळे थांबायला सासूबाईंचीही हरकत नव्हती.

शोरूमवाले म्हणाले, "मॅडम, गाडी एवढी स्वस्त झाली, आता ती सूट कशी देणार?" जीएसटी सरकारने कमी केला होता, सूट त्यांनी दिली होती, दोन्हींचा एकमेकांशी संबंध नव्हता. माझ्याकडे बुकिंग फॉर्मवर पेनाने लिहिलेलं आणि शिक्का मारलेलं होतं: "रोख सूट 12,000, डिलिव्हरीच्या वेळी." तो कागद पुढे केल्यावर विषय संपला. तोंडी ठरलं असतं तर मी काय दाखवणार होते?

रत्नागिरी

आमच्याकडे आम्हाला हव्या त्या कंपनीची एकच शोरूम, त्यामुळे "घ्यायची तर घ्या" असा सूर. कोल्हापुरातून कोटेशन मागवलं, तिथे ऑन रोड 23 हजारांनी कमी. ते घेऊन इथे गेलो आणि सांगितलं की सर्व्हिसिंग तुमच्याकडेच करायचं आहे, गाडीही तुमच्याकडूनच घ्यायला आवडेल. अठरा हजार उतरवले. उरलेल्या पाचांसाठी आंबा घाट उतरून गाडी आणायची नव्हती. खाऱ्या हवेमुळे खालून कोटिंग करायचं होतं, तेही शोरूमच्या जवळपास निम्म्या पैशांत बाहेर झालं.

सॅन होजे, कॅलिफोर्निया

इथे गाडीच्या काचेवर किमतीचं छापील पत्रक चिकटवणं 1958 च्या कायद्यापासून सक्तीचं आहे, तरीही घासाघीस सुटत नाही. मी आसपासच्या डीलरांना एकच ईमेल पाठवला: अमुक मॉडेल, अमुक रंग, टॅक्स आणि सगळी फी धरून शेवटचा आकडा सांगा. सर्वात कमी आकडा दुसऱ्यांना दाखवला. कागदपत्रांची फी आमच्या राज्यात 85 डॉलरपर्यंतच घेता येत होती, तेवढीच दिली. भाव ठरल्यावर सह्यांसाठी वेगळ्या खोलीत बसवून वॉरंटीची पॅकेजं विकतात, तिथे खंबीर राहावं लागतं.

नागपूर

जानेवारीत आदल्या वर्षी बनलेली गाडी घेतली, उघड माहीत असताना. पाच-सात वर्षांनी विकताना गिऱ्हाईक बनावटीचं वर्ष बघतं आणि किंमत तोडतं, हा माझा मुद्दा. त्यावर 55 हजार सुटले. मी गाडी दहा-बारा वर्षं वापरतो, त्यामुळे मला परवडलं. दर तीन वर्षांनी बदलणाऱ्याने घेऊ नये. मात्र नव्या वर्षाची म्हणून जुनी गाडी गळ्यात मारली जात नाही ना, हे बघायला हवं. सेल सर्टिफिकेट, म्हणजे फॉर्म 21 वर, बनावटीचा महिना आणि वर्ष असतं. टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात: 3825 म्हणजे तो टायर 2025 च्या अडतिसाव्या आठवड्यात बनला. गाडी डीलरच्या यार्डात असतानाच, रजिस्ट्रेशनच्या आधी, चेसिस नंबर लिहून घ्या आणि बिलावर तोच आहे का ते ताडून बघा. रजिस्ट्रेशन नंबर पडला की गाडी बदलून मागता येत नाही.

सोलापूर

जुनी गाडी एक्सचेंजला द्यायची असेल तर दोन आकडे वेगळे मागा: गाडीची किंमत आणि एक्सचेंज बोनस. मला "एक लाख नव्वद" असं एकत्र सांगितलं होतं. वेगळं करून घेतल्यावर कळलं की बोनस 30 हजार आणि गाडीचे 1 लाख 60. बाहेर तीच गाडी 2 लाख 5 हजारांना गेली, बोनस सोडूनही फायदा झाला. पैसे खात्यात आल्यावरच मालकी बदलण्याच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या केल्या, आणि आरसी दुसऱ्याच्या नावावर झाल्याचं ऑनलाइन दिसेपर्यंत पाठपुरावा केला.