ब्लाटन पुन्हा बसवायचं का?

हिशेबी
स्वित्झर्लंडच्या वालिस कँटनमधलं (म्हणजे राज्यातलं) ब्लाटन हे गाव २८ मे २०२५ ला दुपारी साडेतीनच्या सुमारास गाडलं गेलं. व्हिडिओ बहुतेकांनी पाहिला असेलच. क्लाइनेस नेस्टहॉर्न शिखराचे कडे कित्येक दिवस ढासळत होते. ते दगड खालच्या बिर्च हिमनदीवर साचले, तिला भार सोसवेना आणि सगळंच खाली आलं. गावाचा नव्वद टक्के भाग गेला. तीनशेएक गावकऱ्यांना नऊ दिवस आधीच हलवलं होतं, म्हणून जीव गेला तो एकाचाच.

आता गाव म्हणतंय, २०३० च्या आसपास परत उभं राहू. विमा कंपन्यांचा नुकसानीचा अंदाज ३२ कोटी फ्रँक, म्हणजे माणशी दहा लाखांहून जास्त. माझं मत सांगतो, वाईटपणा आला तरी चालेल: बांधू नये. डोंगराने नोटीस दिली आहे, ती वाचावी.

बर्नकर
माणशी हिशेब वाचून हसू आलं आणि रागही. हा पैसा मुख्यतः विम्याचा आहे हो! लोकांनी हप्ते भरलेत, कोणी खिरापत वाटत नाही.

मी दोनदा गेलोय तिथे. गोपेनश्टाइनला रेल्वेतून उतरायचं आणि पिवळी पोस्टबस धरायची. खाली लोन्झा नदी, समोर ३९३४ मीटरचा बीचहॉर्न. घरं लार्चच्या लाकडाची, उन्हाने भाजून काळी कुळकुळीत झालेली. धान्याची कोठारं खांबांवर, आणि खांब व कोठार यांच्या मध्ये जात्याच्या तळीएवढी दगडी चकती. उंदीर खांब चढतो, पण चकतीच्या खालून उलटं चालणं त्याला जमत नाही. आपल्याकडे कणगीला शेण लिंपायचे, इथे ही युक्ती. मी त्या चकतीखाली वाकून बराच वेळ बघत बसलो होतो, बायको बसथांब्यावरून हाका मारत होती.

१९१३ साली लोचबर्गचा बोगदा सुरू होईपर्यंत हे खोरं हिवाळ्यात जवळजवळ बंदच असायचं. फेब्रुवारीत तिथे चेगेटा निघतात: लाकडी भेसूर मुखवटे, अंगावर कातडी, कमरेला गाईची घंटा. हे लोक हिमकडे कोसळताना बघतच मोठे झालेत. त्यांना धोका शिकवायला आपण कोण?

हिशेबी
बर्नकर, वर्णन झकास. पण मुखवटे विलर, किपेल, फेर्डनमध्येही आहेत. त्याच खोऱ्यात, बसने काही मिनिटांवर. मग संस्कृती वाचवायला तीच जागा कशाला हवी? विलरमध्ये घरं बांधा.

चिंगी
अवांतर: ब्लाटन की ब्लाटेन?

भूस्तर
दोघांचंही थोडं थोडं चुकतंय.

उंच डोंगरातला बर्फ भेगांमध्ये चुन्यासारखं काम करतो, कातळाला कातळ धरून ठेवतो. तो वितळला की कडे सुटतात. इथली गंमत (गंमत म्हणवत नाही) अशी, की आल्प्समधल्या बाकी हिमनद्या मागे सरत असताना ही पुढे येत होती, कारण तिच्या पाठीवर दगडांचं ओझं होतं. लक्षणं दिसत होती, म्हणून तर गाव वेळेत रिकामं झालं.

खाली सुमारे ९० लाख घनमीटर राडारोडा आहे. त्यात बर्फ मिसळलेला, तो वितळेल तसा ढिगारा खचणार. लोन्झा अडून तळं झालं आणि उरलेली घरंही पाण्यात गेली. त्या ढिगाऱ्यावर लगेच पाया घालणं मूर्खपणा. पण उन्हाच्या उतारावरच्या वाइसनरीड, आइस्टन या वाड्या शाबूत आहेत. तेव्हा आधी ‘कुठे’ हे ठरू द्या.

आणि ‘नोटीस’ म्हणाल तर गोल्डाऊ बघा. २ सप्टेंबर १८०६ ला रोसबर्ग कोसळून ४५७ माणसं गेली. आज गोटहार्ड मार्गावरचं मोठं स्टेशन त्याच गावात आहे.

आंबेगावची
वाचत होते, आता राहवत नाही. आमच्या तालुक्यातलं माळीण ३० जुलै २०१४ ला सकाळी दरडीखाली गेलं. १५१ माणसं. आदल्या दिवशी कोणी ‘बाहेर पडा’ म्हणालं नव्हतं. पुढे दुसऱ्या जागी नवीन गाव बांधलं, २०१७ ला माणसं राहायला गेली आणि पहिल्याच पावसाळ्यात रस्ते खचले. दुसरी जागा म्हणजे सुरक्षित जागा, असं नसतं. शेत इकडे, घर तिकडे, हे तुमच्या माणशी हिशेबात कुठल्या रकान्यात बसतं?

हिशेबी
ताई, माळीणबद्दल बोलायला तोंड नाही. पण माझा मुद्दा उलटा होत नाही. ब्लाटनचे लोक शेतीवर जगत नव्हते, बरेच जण खाली नोकरीला जायचे. त्यांनी खालीच राहावं. वरचा रस्ता, हिमकड्यांपासूनचं संरक्षण, याचा खर्च विमा देत नाही, करदाता देतो.

बर्नकर
खाली म्हणजे रोन नदीच्या काठी ना? जून २०२४ अखेर रोनने सिएर आणि चिपिसमध्ये पाणी घातलं, अ‍ॅल्युमिनियमचे कारखाने बंद पडले. तेव्हा कोणी ‘चिपिस रिकामं करा’ म्हटल्याचं माझ्या वाचनात नाही.

चिंगी, ब्लाटन. शेवटचा ‘ए’ जवळपास गिळतात.

हिशेबी
चिपिस मी विसरलो होतो, मान्य. तरी कारखान्यात हजारो लोकांची रोजीरोटी असते, इथे तीनशे.

आंबेगावची
म्हणजे किती माणसं असली की गाव राहू द्यायचं? आकडा सांगा, म्हणजे आमच्या वाड्यांना कळेल.