मुलगी घोडेस्वारी शिकतेय पण निम्मा वेळ तबेल्यातच जातो, हे बरोबर आहे का?

मृण्मयी_पुणे

नमस्कार, घोड्यांमधलं कळणारं कुणी इथे असेल तर प्लीज सांगा. लेक सातवीत आहे, उन्हाळी कॅम्पला म्हणून पुण्याजवळच्या एका स्टेबलला घातली होती आणि आता रेग्युलर बॅचला जातेय. हे नुसतं हौशी रायडिंगचं ठिकाण नाहीये, तिथले घोडे शोला (स्पर्धांना) जातात, जंपिंग आणि ड्रेसाज (घोड्याकडून ठरलेल्या चाली नेमक्या करून घ्यायचा प्रकार) दोन्ही चालतं, मोठी मुलं ज्युनियर नॅशनल्सची तयारी करत असतात. लेक एकदम खूश आहे, रविवारी पाचला स्वतः उठते, जे शाळेसाठी कधी होत नाही.

पण माझे प्रश्न असे की तिचा अर्धा वेळ खरारा करणं, खूर साफ करणं, लीद काढणं, खोगीर पुसणं यात जातो आणि मग जे रायडिंग होतं ते पण अजून दोरीवर, म्हणजे सर मध्ये उभे राहतात आणि घोडा त्यांच्याभोवती गोल फिरतो, लगाम तिच्या हातात नसतोच. तिच्यासोबत कॅम्पला असलेली एक मुलगी दुसरीकडे जाते ती आत्ताच छोट्या उड्या मारायला लागलीये, तिचे व्हिडिओ बघून घरी चर्चा सुरू झाली की आपण फी भरतोय ती कशाची. त्यात मधेच कुणीतरी पालक म्हणाले की पुढे जायचं तर स्वतःचा घोडा लागतोच. सासऱ्यांच्या ओळखीचे एक जण तर सारंगखेड्याच्या घोड्यांच्या यात्रेतून घेऊन देतो म्हणून मागे लागलेत. हे सगळं नॉर्मल आहे का? आणि पावसाळ्यात चालू ठेवायचं की थांबवायचं?

जुना_स्वार

ताई, तुमच्या स्टेबलच्या सरांना माझा नमस्कार सांगा, कारण हल्ली दोरीवर एवढा वेळ द्यायला कुणी तयार नसतं. त्याला लंजिंग म्हणतात. व्हिएन्नाची स्पॅनिश रायडिंग स्कूल आहे ना, १५६५ पासून तिची नोंद सापडते, तिथे आजही नव्या मुलांना कित्येक महिने लंजवरच बसवतात, रिकीब (पाय ठेवायची कडी) नाही आणि लगाम पण नाही. कारण सोपंय, घोडा दुडकी चालायला लागला की नवशिक्याचा तोल जातो आणि माणूस तोल सावरायला हातात जे असेल ते ओढतो, हातात लगाम असला तर तो ओढला जातो, आणि लगामाचं दुसरं टोक घोड्याच्या तोंडात असतं. जिभेवर आणि दातांमधल्या नुसत्या हिरडीवर ते लोखंड बसतं. असे झटके रोज खाऊन घोड्याचं तोंड मरतं, मग तो कुणाचंच ऐकत नाही, आणि लोक म्हणतात घोडा अडेल आहे.

आधी बैठक, मग हात. बैठक म्हणजे कान, खांदा, कंबर आणि टाच एका रेषेत, टाच खाली, गुडघा आवळलेला नाही. दुडकीवर उठबस करायची ती घोड्याच्या बाहेरच्या बाजूच्या खांद्याबरोबर, खांदा पुढे गेला की उठायचं आणि मागे आला की बसायचं, हे खाली न बघता कळायला लागलं की समजा पोरगी तयार होतेय. रिकिबीशिवाय दुडकी नीट बसता आली की कँटर, म्हणजे दुडकीच्या पुढची वेगवान चाल, आपोआप सोपा जातो. उडीचं म्हणाल तर उडी घोडा मारतो, स्वाराचं काम एवढंच की त्याच्या आड यायचं नाही आणि ते बैठकीशिवाय होत नाही, व्हिडिओ कितीही छान दिसू देत. ज्या मुलांना आधी उड्या शिकवतात त्यातली बरीच एका वाईट पडण्यानंतर कायमची सोडून देतात, मी हे खूप बघितलंय आणि दर वेळी वाईट वाटतं.

पशुवैद्य_सातारकर

लीद काढण्याबद्दल मला बोलायचंय, कारण माझ्या दृष्टीने शिक्षणाचा अर्धा भाग तोच आहे.

घोड्याला उलटी करता येत नाही. जठर जेमतेम १० ते १५ लिटरचं, पुढे आतडी मात्र भली मोठी आणि वळणं घेत जाणारी, त्यात कुठेही वायू किंवा अडथळा झाला की पोटशूळ, म्हणजे कॉलिक. यात धडधाकट घोडा रात्रीत जातो. आणि त्याची पहिली खबर लिदीत मिळते. दिवसाला साधारण ८ ते १२ वेळा लीद पडते, सकाळी ठाणात (घोडा बांधायच्या जागेत) ढीग कमी दिसला, गोळे कोरडे आणि बारीक झाले, त्यावर चिकट पातळ थर आला, की ओरडायला हवं. जी मुलगी रोज त्याच घोड्याखालची लीद काढते तिला हे आमच्याआधी कळतं. घोडा सारखा वळून पोटाकडे बघतोय, पुढच्या पायाने जमीन उकरतोय, उठतोय-बसतोय, चंदी (दाणा) तशीच सोडलीये, यातलं काहीही दिसलं तर लगेच मोठ्यांना सांगायचं, एवढं तिला पक्कं शिकवा.

चंदीवरून आठवलं. आपल्याकडे लोकांना वाटतं हरभरा जास्त म्हणजे ताकद जास्त. ५०० किलोच्या घोड्याला दिवसाला निदान साडेसात ते दहा किलो सुका चारा लागतो, दाणा हा त्यावर वरून आणि तोही थोडा थोडा, तीन-चार वेळा विभागून. त्याचं पोट दिवसभर थोडं थोडं चरत राहण्यासाठी बनलंय. पाणी २५ ते ४५ लिटर, आपल्या एप्रिल-मेमध्ये त्याहून जास्त पण. विसावलेल्या घोड्याचं तापमान ३७.५ ते ३८.५ सेल्सिअस, नाडी मिनिटाला २८ ते ४४, श्वास ८ ते १६. हे आकडे लेकीच्या वहीत पहिल्या पानावर असू द्या आणि तिच्या घोड्याचे स्वतःचे नेहमीचे आकडे त्याच्या शेजारी, कारण प्रत्येकाचं थोडं वेगळं असतं.

पावसाळ्याचं: थांबवू नका, पण खुरांवर लक्ष ठेवा. तळव्याच्या मधे रबरासारखा त्रिकोणी भाग असतो, त्याच्या दोन्ही बाजूंच्या खाचांत ओला कचरा साठला की ते सडतं, काळा द्राव येतो आणि वास असा की विसरता येत नाही. रोज टाचेकडून पुढच्या टोकाकडे हुक चालवून साफ करायचं आणि ठाण कोरडं ठेवायचं, बस. माश्यांचं पण बघा, सर्रा नावाचा रोग चावणाऱ्या मोठ्या माश्यांमार्फत पसरतो, ताप येऊन जाऊन राहतो आणि घोडा वाळत जातो. ग्लँडर्स हा रोग तर माणसालाही होऊ शकतो, म्हणून शोला न्यायच्या घोड्याचा रक्ताचा रिपोर्ट मागतात आणि तो मागितलाच पाहिजे. एक आनंदाची गोष्ट, जुलै २०२५ मध्ये मेरठच्या आर्मीच्या आरव्हीसी (पशुवैद्यकीय दल) केंद्रातल्या कंपार्टमेंटला, म्हणजे घोडे वेगळे ठेवायच्या जागेला, जागतिक पशुआरोग्य संघटनेने रोगमुक्त म्हणून मान्यता दिली, भारतातलं असं हे पहिलंच. आतापर्यंत आपले घोडे बाहेरच्या स्पर्धांना नेणं जवळपास अशक्य होतं ते रोगांच्या नियमांमुळेच, म्हणून आपल्या स्वारांना युरोपात घोडा ठेवून तिथेच राहावं लागतं.

तुमच्या मुलीला धनुर्वाताचं इंजेक्शन दिलंय ना ते तपासा. तबेल्यात वावरणाऱ्या प्रत्येकाला हवंच.

रेवाची_आई

डॉक्टरांच्या शेवटच्या मुद्द्यावरून, २०२३ च्या हांगचौ एशियाडला आपल्या ड्रेसाज टीमने गोल्ड घेतलं ना, सुदीप्ती हाजेला, दिव्याकृती सिंह, हृदय छेडा आणि अनुष अगरवाला, हृदय तर आपला मुंबईचा. घोडेस्वारीत १९८२ नंतर पहिलं सोनं, ४१ वर्षांनी. अनुषने नंतर एट्रो या घोड्यावर वैयक्तिक ब्राँझ पण घेतलं. आमच्या घरी त्या दिवशी शाळा बुडाली होती, रेवाने टीव्हीसमोरून हलायला नकार दिला. हे सगळे लहान वयात घर सोडून परदेशात तबेल्यात राहून शिकलेत, त्यामुळे खोगीर पुसणं हे काही खालचं काम आहे असं घरी कुणी म्हणालं तर त्यांना हे सांगा.

प्रॅक्टिकल गोष्टी सांगते. सगळ्यात आधी हेल्मेट, आणि रायडिंगचंच, सायकलचं किंवा क्रिकेटचं अजिबात नको. स्टेबलचं कॉमन वापरत असेल तर या आठवड्यात स्वतःचं घ्या. पट्टा हनुवटीखाली घट्ट, आणि एकदा जोरात आपटलं की दिसायला ठीक असलं तरी बदलायचं. बुटाला छोटी टाच हवी, सपाट स्पोर्ट्स शूज असले तर पाय रिकिबीतून आरपार जातो आणि पडलं तर अडकतो. बाकी महागडे ब्रीचेस वगैरे सध्या नको, वाढतं वय आहे, सीनियर मुलांकडून जुने मिळतात, सगळे असेच करतात.

घोडा घ्यायचा म्हणाल तर आत्ता अजिबात नाही. मुंबईत ॲमॅच्युअर रायडर्स क्लब १९४२ पासून आहे, तिथे पिढ्यान् पिढ्या मुलं क्लबच्या घोड्यांवर शिकलीत. आणि लहान मुलीला एकाच घोड्यापेक्षा वेगवेगळ्या घोड्यांवर बसायला मिळणं जास्त चांगलं, आळशी, चटपटीत, तोंडाला कडक, सगळे. घोडा घेण्याचे पैसे हा खर्चाचा छोटा भाग आहे, पुढे दर महिन्याला चारा, मोतद्दाराचा (घोडा सांभाळणाऱ्याचा) पगार, चार ते सहा आठवड्यांनी नाल ठोकणारा नालबंद, डॉक्टर, आणि घोडा लंगडला तरी यातलं काही थांबत नाही. शिवाय मुलीला बारावीत अभ्यास आला की तो घोडा कुणाकडे जाणार हा प्रश्न आहेच, तो जिवंत प्राणी २५ वर्षं जगतो.

तापीकाठचा

सारंगखेड्याचा उल्लेख आला म्हणून लिहितोय, माझं गाव तिथून जवळच. दत्तजयंतीला यात्रा भरते, तापीकाठी, देशभरातून घोडे येतात, मारवाडी, काठियावाडी, पंजाबकडचे पांढरे नुकरे पण. बघायला लेकीला जरूर घेऊन या, आयुष्यभर लक्षात राहील. पण तिथून पहिला घोडा घेऊ नका आणि हे मी यात्रेवर जीव असलेला माणूस म्हणून सांगतोय.

तिथे सौदा होतो तो रंग, उंची, कानांची टोकं, अंगावरचे भोवरे आणि चाल यावर. गळ्याला देवमण, म्हणजे शुभ मानलेला भोवरा, असला की भाव चढतो. रेवाल चालीचा घोडा तर असा जातो की वर बसलेल्याच्या हातातला पेला हलत नाही. लग्नाला, नाचायला, शौकाला हे सगळं ठीक आहे आणि ती परंपरा मोठी आहे. पण तुमच्या मुलीला हवाय तो शांत, बारा-पंधरा वर्षांचा, शंभर पोरांना शिकवून झालेला घोडा, जो ती चुकली तर थांबेल. असा घोडा यात्रेत क्वचित येतो कारण ज्याच्याकडे असतो तो विकत नाही. आणि कधी घ्यायचाच झाला तर स्वतःचा पशुवैद्य सोबत, कडक जमिनीवर दुडकी चालवून पाय बघायचे, दात, डोळे, दम बघायचा, ओळखीच्या माणसाच्या शब्दावर नाही. त्या काकांना नम्रपणे नाही म्हणा.

नेहा_म्युनस्टर

इकडे जर्मनीत माझा मुलगा गावच्या रायडिंग क्लबला जातो. लेसनच्या अर्धा तास आधी यायचं, घोडा स्वतः खरारा करून, खूर साफ करून, खोगीर चढवून तयार ठेवायचा, आणि नंतर उतरवून, पाय धुऊन, ठाणात नेऊन मग घरी जायचं. सुरुवात इथेही लंजवरच. आणि इथे मुलांना बॅजच्या परीक्षा असतात, त्यात घोड्यावर बसण्याबरोबर घोड्याची काळजी, चारा, वागणूक यावर तोंडी प्रश्न विचारतात. तेव्हा तुमच्याकडे जे चाललंय ते जगात जिथे घोडेस्वारी सगळ्यात चांगली शिकवतात तिथल्यासारखंच आहे.

फक्त एक गोष्ट बघा, शिकवत आहेत की नुसतं काम करून घेताहेत. कुणीतरी मोठं माणूस शेजारी असतं का, घोड्याच्या मागून कसं जायचं हे दाखवलंय का? घोड्याला बरोबर कपाळासमोर आणि बरोबर शेपटीमागे दिसत नाही, त्यामुळे डाव्या खांद्याकडून, बोलत बोलत जवळ जायचं. दोरी हाताला गुंडाळायची नाही, कधीच. तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) एकदा आवळून झाला की थोडं चालवून परत आवळायचा कारण बरेच घोडे पहिल्यांदा पोट फुगवून उभे राहतात. हे तिला विचारा, तिला सगळं सांगता आलं तर फी वसूल होतेय.

मृण्मयी_पुणे

सगळ्यांचे खरंच मनापासून आभार, नवऱ्याला आणि सासऱ्यांना अख्खा धागा वाचून दाखवला. नेहा, तुझे प्रश्न लेकीला विचारले, तंगाचं आणि दोरीचं तिने लगेच सांगितलं, वर मला म्हणाली की रायडिंग झाल्यावर घाम सुकेपर्यंत हाताने धरून चालवायचं असतं आणि लगेच चंदी द्यायची नसते, हे तिला तिथल्या मोतद्दार काकांनी शिकवलंय. ते वीस-बावीस घोड्यांचं नाव, खोड, कोण कशाला बुजतो सगळं जाणून आहेत. ती सरांपेक्षा त्यांच्याबद्दलच जास्त बोलते. हेल्मेट आज ऑर्डर केलं. घोड्याचा विषय बंद केलाय, यात्रेला मात्र जाणार. नाडी मोजायची कुठे ते डॉक्टर सांगाल का, तिला आजच हवंय.

पशुवैद्य_सातारकर

खालच्या जबड्याच्या हाडाच्या आतल्या कडेला, गालाचा मोठा स्नायू सुरू होतो त्याच्या जरा पुढे बोटं ठेवली की दोरीसारखी रक्तवाहिनी लागते. दोन बोटांनी हलकेच दाबायचं, अंगठा वापरायचा नाही कारण त्यात आपलीच नाडी लागते. १५ सेकंद मोजून चौपट. पहिल्यांदा मोतद्दार काकांना घोडा धरायला सांगा, आणि घोडा नुकताच काम करून आलेला असेल तर नका मोजू, सकाळी चंदीच्या आधी मोजा. त्या काकांकडून जेवढं घेता येईल तेवढं तिला घेऊ द्या, मी स्वतः तपासणीला गेलो की आधी मोतद्दारालाच विचारतो काय वेगळं वाटतंय म्हणून.

रेवाची_आई

मृण्मयी, पावसाळ्याचं एक राहिलं, तिचे बूट आणि हेल्मेटचा पट्टा बॅगेत ओले ठेवू देऊ नकोस, कातड्याला दोन दिवसांत बुरशी येते. खोगिराला पण तेच, सॅडल सोप लावून सावलीत वाळवायचं, उन्हात ठेवलं तर तडकतं. आणि यात्रेला निघालीस की सांग, आम्ही पण येतो.